कार्ड अडकलंय? आधी ती पिन बाजूला ठेवा!

सध्या कॉलेजच्या कट्ट्यावर एक जुनी वस्तू नव्याने मिरवतेय. आईबाबांच्या कपाटात, जुनी बिलं आणि बंद पडलेल्या घड्याळांच्या शेजारी बारा-पंधरा वर्षं गुमान पडून राहिलेला तो चपटा, चंदेरी डिजिटल कॅमेरा. कुणाकडे बाबांचा पॉवरशॉट, कुणाकडे मावशीचा सायबरशॉट, तर कुणी पुण्याच्या जुन्या बाजारात घासाघीस करून कूलपिक्स उचलून आणलेला. फ्लॅश भसकन उडतो, चेहरे पांढरेफटक येतात, मागचा अंधार काळाकुट्ट दिसतो आणि तरीही (की म्हणूनच?) तो फोटो मोबाईलच्या गुळगुळीत फोटोपेक्षा जास्त आपला वाटतो. ट्रेंड मस्त आहे. घरातल्याच कॅमेऱ्यावर भागत असेल तर खिशालाही परवडणारा आहे.

पण या ट्रेंडचा दुसरा अंकही ठरलेला असतो. कॅमेरा चार्ज होतो, सुरू होतो, ग्रुपचे पंधरा-वीस फोटो निघतात आणि ते इन्स्टावर टाकायचे म्हणून तुम्ही खालचं झाकण उघडून कार्ड दाबता. ‘टिक’ असा आवाज होऊन कार्ड वर यायला हवं. येत नाही. पुन्हा दाबता. तरी नाही. नखाने ओढून बघता, नख तुटतं. मग घोळक्यातून कुणीतरी म्हणतं, "थांब, माझ्याकडे पिन आहे."

ती पिन परत केसात जाऊ दे. कार्ड कसं काढायचं हे सांगतोच, पण त्याआधी त्या कार्डावर काय असू शकतं ते बघू.

तुम्ही आज अठरा ते एकवीस वर्षांचे असाल, तर तुमचा जन्म साधारण २००५ च्या आसपासचा. तुमच्या आईबाबांच्या लग्नाचे फोटो रोलवर निघाले. छत्तीस फोटोंचा रोल संपला की तो धुवायला टाकावाच लागायचा, त्याचे प्रिंट यायचे आणि ते अल्बममध्ये लागायचे. अल्बम आजही कपाटात आहे. तुम्ही सातवी-आठवीत गेलात तोवर घरात स्मार्टफोन आले आणि फोटो क्लाऊडवर जायला लागले. मधल्या काळाचं काय? तुमचं बारसं, बोरनहाण, पहिला वाढदिवस, बालवाडीच्या गॅदरिंगमध्ये ससा होऊन रडलेले तुम्ही, हे सगळं नेमकं या चपट्या कॅमेऱ्याच्या राज्यात घडलं. डिजिटल कॅमेऱ्यांची चलती २०१० साली शिगेला पोहोचली होती. त्या एका वर्षात जगभरात १२ कोटींहून जास्त कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले. नंतर मोबाईलने त्यांना गिळलं.

डिजिटल फोटो धुवायची सक्ती नव्हती. ‘प्रिंट काढू नंतर’ असं म्हणून सगळं राहून गेलं. ते फोटो ज्या कॉम्प्युटरवर उतरवले तो भंगारात गेला, ज्या सीडीवर भरले ती आज लावायला ड्राइव्ह नाही. म्हणजे तुमच्या लहानपणाचे, आणि त्या वेळी तुम्हाला मांडीवर घेऊन बसलेल्या पण आज नसलेल्या आजोबांचे काही फोटो जगात फक्त एकाच ठिकाणी असण्याची दाट शक्यता आहे. तुमचा मित्र ज्यात पिन घालायला निघालाय, त्या ठिकाणी.

म्हणून क्रम लक्षात ठेवा. आधी फोटो, मग कार्ड, सगळ्यात शेवटी कॅमेरा. कार्ड काही शे रुपयांत नवं येतं. जुना कॅमेराही दुसरा मिळतो.

आता चांगली बातमी. कार्ड अडकलंय याचा अर्थ बहुतेक वेळा ते आपल्या जागी नीट बसलंय, फक्त बाहेर यायला तयार नाही. कार्डाच्या पाठीवर सोनेरी पट्ट्या असतात. त्या स्लॉटमधल्या बारीक तारांना टेकलेल्या असतील तर कॅमेरा कार्ड मजेत वाचतो. तेव्हा झाकण लावा, कॅमेरा सुरू करा आणि प्लेचं बटण दाबा. फोटो दिसले? मग निम्मी लढाई जिंकलात. कार्डाला हातही न लावता केबलने फोटो काढून घ्या.

केबल मात्र मोबाईलची चालणार नाही. पॉवरशॉटसारख्या बऱ्याच कॅमेऱ्यांना मिनी यूएसबी लागते. दिसायला छोटी, जाडसर, जुन्या एमपीथ्री प्लेअरला असायची तशी. कूलपिक्सच्या बऱ्याच मॉडेल्सना कंपनीची स्वतःची आठ पिनांची केबल लागायची. ज्या कपाटात कॅमेरा सापडला त्याच कपाटातल्या वायरींच्या गुंत्यात ती सापडते, असा साधारण अनुभव आहे. नाहीच सापडली तर ऑनलाइन मिळते. बॅटरी पूर्ण चार्ज करून मगच जोडा, कारण फोटो उतरताना मध्येच कॅमेरा बंद पडणं कार्डाला मानवत नाही. कॉम्प्युटरवर डीसीआयएम नावाचा फोल्डर दिसेल. तो आख्खा कॉपी करा. कॉपी म्हणजे कॉपीच, कट-पेस्ट नव्हे. मग चार-पाच फोटो उघडून खरंच आलेत ना, ते बघा.

आणि एक. कॅमेऱ्याने पडद्यावर ‘कार्ड एरर’ किंवा ‘कार्ड फॉरमॅट करायचं का?’ असं विचारलं तर उत्तर ‘नाही’. आपल्याला प्रत्येक खिडकीवर न वाचता ‘ओके’ दाबायची सवय लागलेली आहे. ती सवय इथे महागात पडते.

फोटो सुरक्षित झाले की मग त्या स्लॉटशी दोन हात करायला हरकत नाही. पण तो चालतो कसा हे कळलं तर ताकद कमी लागते. टिकटिक पेन आठवा. एकदा दाबलं की रिफिल बाहेर, पुन्हा दाबलं की आत. कार्डाच्या स्लॉटमध्ये साधारण तसाच खेळ आहे. आत एक सरकणारा प्लास्टिकचा तुकडा असतो, त्यावर बदामाच्या आकाराची खाच कोरलेली असते आणि त्या खाचेत बारीक तारेचं टोक फिरत असतं. कार्ड आत ढकललं की ते टोक बदामाच्या वरच्या खळगीत जाऊन बसतं. स्प्रिंग दाबलेली राहते, कार्ड अडकून राहतं. दुसऱ्यांदा दाबताना कार्ड होतं त्याहून किंचित आणखी आत जावं लागतं. तेव्हाच ते टोक खळगीतून सुटतं, बदामाच्या दुसऱ्या बाजूने घसरतं आणि स्प्रिंग कार्ड बाहेर फेकते.

गोम आहे ती या ‘किंचित आणखी आत’मध्ये. कार्ड स्लॉटच्या तोंडाशी इतकं सपाट बसलेलं असतं की बोटाच्या गादीने ते शेवटचं अंतर कापलंच जात नाही. तुम्हाला वाटतं आपण दाबतोय, प्रत्यक्षात बोट कॅमेऱ्याच्या कडेवर टेकलेलं असतं. त्यामुळे कार्ड अडकल्याच्या तक्रारींपैकी काही तर तक्रारीच नसतात. कॅमेरा बंद करा, बॅटरी काढा, स्लॉटचं तोंड जमिनीकडे करा आणि जुन्या प्लास्टिकच्या एटीएम कार्डाच्या कोपऱ्याने मेमरी कार्डाच्या कडेला बरोबर मध्यभागी, सरळ, टेकेपर्यंत दाबून झटकन सोडा. बाजूला दाबलंत तर कार्ड तिरकं होऊन आणखी रुतेल. घाई न करता चार-पाच वेळा करून बघा. धुळीने चिकटलेली स्प्रिंग यातच मोकळी होऊ शकते.

तरी नाही आलं तर मोबाईलचा टॉर्च मारून आत नीट बघा. एसडी कार्डाची जाडी २.१ मिलिमीटर असते आणि स्लॉट जेमतेम तेवढ्याच मापाचा. म्हणजे कागदाच्या जाडीनेही बिघडतं. गुन्हेगार बहुतेक वेळा कार्डावरचं स्टिकर असतं. वर्षानुवर्षं मुंबई-कोकणातल्या दमट हवेत किंवा विदर्भातल्या उन्हाळ्यात कपाटात पडून त्याचा गोंद सुटतो, कडा वर येते आणि बाहेर येताना दुमडून पाचरीसारखी बसते. आईने मोठ्या हौसेने ‘गणपती २००९’ असं लिहून कार्डावर वेगळी चिठ्ठी डकवलेली असेल तर मग विचारूच नका. दुसरा गुन्हेगार म्हणजे कार्डाचं स्वतःचं अंग. कार्ड म्हणजे प्लास्टिकच्या दोन पातळ पाकळ्या एकमेकींना जोडलेल्या. जुनं झालं की त्या कडेला उकलतात. सोनेरी पट्ट्यांच्या मध्ये प्लास्टिकच्या बारीक भिंती असतात, त्यातली एखादी तुटून स्लॉटच्या तारांमध्ये अडकते. हे दुखणं मात्र खरं. इथे जोर लावला तर कार्ड येईल, सोबत स्लॉटच्या ताराही येतील.

तिसरा प्रकार खास तुमच्या पिढीचा. घरात एसडी कार्ड नसतं, मोबाईलमधलं छोटं मायक्रो एसडी असतं. ते अडॅप्टरमध्ये घालून वापरायचं असतं. अडॅप्टर म्हणजे फक्त प्लास्टिकचा सांगाडा आणि थोड्या तारा, त्याला स्वतःचं डोकं नाही. इथपर्यंत ठीक. पण काढताना अनेक जण चिमटीत येईल तेवढं छोटं कार्डच ओढून घेतात आणि रिकामा, पोकळ सांगाडा आत राहतो. काही स्वस्त अडॅप्टर मुळातच मापाला ढिले किंवा जाड असतात. आणि अडॅप्टरशिवाय मायक्रो एसडी थेट स्लॉटमध्ये टाकणारे महाभागही असतात. ते कार्ड १५ बाय ११ मिलिमीटरचं, एसडीच्या निम्म्याहूनही लहान. आत गेलं की खुळखुळ्यासारखं वाजतं. अशा वेळी कॅमेरा सुरू करू नका. बॅटरी काढून, स्लॉट खाली करून, तळहातावर हलकेच थोपटा. जोरात आपटायचा मोह आवरा, कारण लेन्स आतबाहेर करणारी दातेरी चाकं त्या धक्क्याने निकामी होतात आणि ते दुखणं कार्डापेक्षा मोठं आहे.

इथे एका सुप्रसिद्ध जुगाडाबद्दलही बोललं पाहिजे. एसडी कार्डाच्या कडेला ‘लॉक’ची इवलीशी पट्टी असते. ती तुटून पडली की कॅमेरा म्हणतो, कार्ड लॉक आहे. मग लोक त्या खाचेवर सेलोटेप लावतात आणि कॅमेरा फसतो, फोटो काढू देतो. जुगाड हुशार आहे यात वाद नाही. पण तीच टेप पुढे गरमीत सरकते, तिचा गोंद स्लॉटला लागतो आणि कार्ड आत कायमचं मुक्कामाला. ज्या कार्डाची लॉकपट्टी तुटली आहे, त्यातले फोटो उतरवून घ्या आणि त्याला निवृत्त करा.

घरातला कॅमेरा जुना सोनी असेल तर त्यात एसडी कार्ड जाणारच नाही. सोनीने १९९८ मध्ये स्वतःची मेमरी स्टिक काढली आणि २०१० पर्यंत आपल्या कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यांत तीच रेटली. ऑलिम्पस आणि फुजीफिल्म या दोघांनी मिळून २००२ मध्ये एक्सडी नावाचं तिसरंच कार्ड आणलं. आज जग एसडीचं आहे म्हणून ते सगळीकडे बसेल असं धरून चालू नका. सहज जात नसेल तर ते कार्ड त्या घरचं नाही.

पुन्हा आपल्या अडकलेल्या कार्डाकडे. स्टिकर वर आलेलं दिसलं तर ब्युटी किटमधला लोखंडी चिमटा नको, प्लास्टिकचा घ्या. दुमडलेला कागद आधी काढा, मग कार्ड. जुन्या फाइलच्या प्लास्टिक कव्हरची पातळ पट्टी कापून ती कार्ड आणि स्लॉटच्या भिंतीमध्ये सरकवली तर घसरगुंडी तयार होते, तीही कामी येते. कार्डाच्या कडेला चांगल्या चिकटपट्टीचं टोक दाबून, स्प्रिंगने वर आलेलं कार्ड हलकेच ओढता येतं. बस. याच्या पुढे जायचं नाही. खोबरेल तेल नाही, गंज सोडवायचा स्प्रे नाही, आणि काडीला फेविक्विक लावून ती कार्डाला चिकटवायची ही आयडिया तर नाहीच नाही. एक थेंब ओघळला की कार्ड, स्लॉट आणि काडी यांचं लग्न लागतं.

आणि कॅमेऱ्याचे स्क्रू उघडायचे नाहीत. इंजिनीअरिंगवाल्यांनो, हे खास तुमच्यासाठी. फ्लॅश उडवायला आत एक कपॅसिटर असतो, त्यात सुमारे ३०० व्होल्टचा साठा असतो आणि बॅटरी काढल्यावरही तो बराच वेळ टिकतो. सवय नसलेल्या हाताचं बोट तिथे टेकलं तर झटका साधा नसतो. तसंच, कार्डाऐवजी बॅटरीच अडकली असेल आणि ती फुगलेली दिसत असेल, तर तिला टोचून, उचकटून काढायच्या भानगडीत पडू नका. लिथियमची बॅटरी टोचली तर पेट घेते. कॅमेरा चार्जिंगला न लावता थेट दुकानात न्या.

दुकानं अजून आहेत. मुंबईत फोर्टच्या बोरा बाजारात कॅमेऱ्यांचे विक्रेते आणि दुरुस्ती करणारे पिढ्यान्‌पिढ्या बसलेत. इतर शहरांतही जुन्या फोटो स्टुडिओत चौकशी केली तर एखादा जाणकार माणूस सापडतो. फक्त देताना एक लक्षात घ्या. कार्ड अडकलेला कॅमेरा देणं म्हणजे त्यावरचे सगळे फोटो देणं. ट्रिपचे, हॉस्टेलच्या खोलीतले, तुमचे, तुमच्या मैत्रिणीचे. लॉक, पासवर्ड असलं काही या कॅमेऱ्यात नसतं. फोटो उतरवून झाले असतील आणि ते नीट उघडून बघितले असतील तर कॅमेऱ्याच्याच मेन्यूतून कार्ड फॉरमॅट करून मग द्या. फोटो उतरलेच नसतील तर दुकानदाराला स्पष्ट सांगा, "कार्ड तुटलं तरी चालेल, त्यातला डेटा हवाय," किंवा नेमकं उलट. नाहीतर तो कॅमेरा वाचवायला कार्ड मोडेल आणि त्याच्या दृष्टीने त्याने काम चोखच केलेलं असेल.

जुन्या बाजारातून किंवा ऑनलाइन घेतलेल्या कॅमेऱ्यात कार्ड अडकलेलं निघालं तर गोष्ट उलटी होते. आता तुमच्या हातात कुणाचं तरी घर आहे. कुणाचा तरी साखरपुडा, कुणाचं तरी तान्हं बाळ. ‘फाउंड फोटोज’ म्हणून ते रीलवर टाकणं हल्ली फॅशनेबल आहे. मला ते पटत नाही. त्या बाळाचं वय आज तुमच्याएवढंच असेल आणि त्याला कुणी विचारलेलं नाही. विकणारा माहीत असेल तर त्याला एक मेसेज करा, फोटो हवेत का म्हणून. माहीत नसेल तर फॉरमॅट.

एवढं सगळं करूनही कार्ड आतच राहिलं आणि तरी कॅमेरा फोटो काढतोय, वाचतोय, केबलने देतोय, तर माझं मत विचाराल तर राहू द्या त्याला तिथेच. कार्ड बाहेर येणं ही गरज नाहीच मुळी, फोटो बाहेर येणं ही आहे. केबलवर तो कॅमेरा आणखी काही वर्षं सुखाने चालेल.

उलट, कार्ड अलगद बाहेर आलं पण रिकामं दिसलं, तर त्यावर नवा एकही फोटो काढू नका. डिलीट केलेला फोटो लगेच पुसला जात नाही. कार्डाच्या यादीतून त्याचं नाव खोडलं जातं, चित्र तिथेच असतं, वर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत. फोटोरेक नावाचं मोफत सॉफ्टवेअर ते शोधून काढू शकतं. फक्त सापडलेले फोटो कॉम्प्युटरवर सेव्ह करायचे, त्याच कार्डावर नव्हे. आणि कार्ड निघाल्यावर कॅमेरा एकदा तसाच, कार्डाशिवाय सुरू करून बघा. अनेक मॉडेल्सना स्वतःची थोडी अंतर्गत मेमरी असते आणि कार्ड घातलेलं असताना ती दिसत नाही. कार्ड विसरून गेलेल्या एखाद्या दिवशी काढलेले फोटो तिथे बसलेले असू शकतात.

नवं कार्ड घेताना ‘जास्त जीबी ते बरं’ हा नियम इथे चालत नाही. २००६ च्या आधीचे एसडी कॅमेरे साधारण २ जीबीपर्यंतचंच कार्ड ओळखतात. त्यानंतरच्या एसडीएचसी लिहिलेल्या कॅमेऱ्यांना ३२ जीबीपर्यंत चालतं. ६४ किंवा १२८ जीबीचं कार्ड एसडीएक्ससी या पुढच्या जातीचं, जुना कॅमेरा त्याला दारातूनच परत पाठवतो. छोटं, पूर्ण मापाचं, चांगल्या दुकानातलं एसडी कार्ड घ्या आणि त्यावर काहीही डकवू नका.

उतरवलेल्या फोटोंच्या दोन प्रती दोन ठिकाणी ठेवा. तारखांवर फार विसंबू नका, कारण कॅमेऱ्याची बॅटरी मेली की घड्याळ मागे जातं आणि दिवाळीच्या फोटोवरही १ जानेवारी दिसते. फाइलच्या नावातले आकडे मात्र बहुतेक वेळा ओळीने असतात, त्यावरून आधी काय आणि नंतर काय ते लागतं. बाकीचं घरच्यांना विचारा. लॅपटॉप घेऊन आजीच्या शेजारी बसा आणि एकेक फोटो पुढे सरकवा. तुमच्या बारशाच्या फोटोत मागे दाराशी उभी असलेली, निळ्या साडीतली ती बाई कोण, हे आता बहुधा तिला एकटीलाच माहीत असेल.